कुंडीमागे रानबदकाची अंडी आहेत पण मादी दिसत नाही, सोडून गेली का?

नाही हो, बहुतेक सोडून गेली नसणार. बदकीण साधारण रोज एक अंडं घालते आणि सगळी घालून झाल्यावरच उबवायला बसते, तोपर्यंत घरट्यात ती फारशी दिसतच नाही, म्हणून अंडी गार लागली तरी ती मेलीत असं अजिबात समजू नका. एकदा बसली की मॅलार्डसारख्या बदकांना साधारण 28 दिवस लागतात, मधे ती खायला उठते तेव्हा अंडी स्वतःच्या मऊ पिसांनी झाकून जाते. प्लीज घरटं हलवू नका, कुत्रा-मांजर लांब ठेवा, आणि घरट्याजवळ खाणं तर टाकूच नका, त्या वासाने कावळे-उंदीर येतात. पिल्लं निघाली की दिवसभरातच आई त्यांना चालवत पाण्याकडे नेते, तेव्हा फक्त वाट मोकळी ठेवा.