डब्याचं नंतर बघू

प्रश्न : माझी मुलगी 15 वर्षांची, वजन 46 किलो. 800 मीटर धावते. पहाटे साडेपाचला मानकापूरच्या क्रीडा संकुलात सराव, संध्याकाळी पुन्हा दीड तास. सर म्हणतात, प्रोटीन पावडर सुरू करा. डबा तीन हजारांचा आहे. आमच्याकडे अंडंही चालत नाही. पहाटे ती चहा-बिस्किटं खाऊन जाते, शाळेत पोळी-भाजी, दुपारी वरण-भात, रात्री ट्यूशनहून आली की नऊला पुन्हा पोळी-भाजी. पावडर द्यावी का? हल्ली नडगी दुखते म्हणते. तीन महिने पाळीही आली नाही, पण खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं म्हणे.
— एक आई, नागपूर

उत्तर : ताई, पावडरचं नंतर बघू. आधी तुमच्या शेवटच्या दोन ओळी.

‘खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं’ हे ऐकतच मीही मोठी झाले. रेशीमबागेत खो-खो खेळायचो तेव्हा पाळी चुकली की आम्हाला उलट बरंच वाटायचं, कटकट गेली म्हणून! आज तेच कुणी सांगितलं की मला धडकी भरते. धावण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही की शरीर काटकसरीला लागतं आणि कात्री पाळीवर चालते. इस्ट्रोजेन हे हार्मोन घटतं, मग हाडं नीट भरत नाहीत. आणि हाडं भरायचं वय तर हेच. त्यातून रोज दोनदा धावायचं म्हटलं तर नडगीच्या हाडाला बारीक तडाही जाऊ शकतो. बोटानं दाबल्यावर एकाच जागी दुखत असेल तर उद्यापासून धावणं बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्त्रीरोगतज्ज्ञांकडेही याच आठवड्यात जा. पाळी थांबायला इतर कारणंही असतात, ती तपासूनच घ्यावी लागतात.

आता प्रथिनं. वाढत्या वयाच्या खेळाडूला किलोमागे साधारण 1.2 ते 1.8 ग्रॅम, म्हणजे तुमच्या लेकीला दिवसाला 55 ते 83 ग्रॅम. पण एकूण खाणंच कमी पडत असेल तर शरीर प्रथिनंही सरपणासारखी जाळून टाकतं. मग डबा तीन हजारांचा असो नाहीतर दहा हजारांचा.

पहाटेचा चहा बंद करा. जाताना एक केळं किंवा चार खजूर. सराव संपला की तिथंच, घरी येईस्तोवर थांबायचं नाही, मूठभर फुटाणे आणि गूळ. घरी आल्यावर पेलाभर दूध. शाळेच्या डब्यात मटकीची उसळ किंवा घट्ट झुणका. दुपारचं वरण जरा दाट करा हो, आपल्याकडे वरणात डाळ शोधावी लागते! संध्याकाळच्या सरावाआधी दुधात कालवलेलं सातूचं पीठ, रात्री भाजीत सोयाबीनच्या वड्या. या वड्या 25 ग्रॅम घेतल्या तरी 13 ग्रॅम प्रथिनं, अर्धा लिटर दुधात 16, पन्नास ग्रॅम फुटाण्यांत 10. पोळ्या आणि डाळ धरून सत्तरी सहज गाठते. रविवारी तर्री-पोहे खाऊ द्या, फक्त तर्रीतले चणे जास्त मागा.

या वयात मुलींना लोहही बरंच लागतं. जेवणावर लगेच चहा नको, संत्रं चालेल; संत्र्यातल्या क जीवनसत्त्वानं डाळी-भाज्यांतलं लोह अंगी लागायला मदत होते. नागपुरात राहून एवढं तर जमायलाच हवं.

पावडर म्हणजे विष नव्हे. पनीर करताना जे पाणी आपण मोरीत ओततो ना, तसल्याच पाण्यातली प्रथिनं वाळवून व्हे पावडर होते. पण काही डब्यांत न छापलेली भेसळ सापडते, कधी बंदी असलेल्या उत्तेजक द्रव्यांचीही, आणि डोपिंग चाचणीत दोषी ठरतो तो खेळाडूच, डबा विकणारा नाही. सरांना हे जरूर सांगा. पाळीचं आणि नडगीचंही सांगा. मुलगी स्वतःहून त्यांना सांगणार नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते मला कळवा. पाळीच्या तारखा आजपासून वहीत लिहायला लावा आणि ती वही सोबत घेऊन जा.