मांजराच्या पिल्लाला नैसर्गिक आहार म्हणून कच्चे मांस द्यावे का? किती द्यावे?

अडीच महिन्यांच्या पिल्लाचे बाजारी खाद्य बंद करून त्याला रोज कच्चे बोनलेस चिकन आणि थोडी कलेजी घालायची आहे, असे तुम्ही लिहिले आहे आणि त्याचे ग्रॅममधील प्रमाण विचारले आहे. ते प्रमाण मी सांगणार नाही, कारण नेमका हाच आहार मी आमच्या गोटीला सात आठवडे घातला आणि आठव्या आठवड्यात तिचा मागचा पाय मोडला.

गोटी आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत, मीटरच्या खोलीत सापडली होती. त्या सुमारास माझे धाकटे दीर आमच्याकडे राहायला होते. पिल्लापुढची कोरड्या खाद्याची वाटी पाहून ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "वहिनी, वाघाच्या मावशीला बिस्किटे कसली घालता? जंगलात तिला कोण शिजवून वाढते?" मला ते पटले, हे मी लपवत नाही. रोज सकाळी मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून ताजे बोनलेस आणत असे, हाताने चिवडून त्यातला हाडाचा बारीकसा कणही काढून टाकत असे, आणि वर कलेजीचा एक तुकडा ठेवून ते ताटलीत वाढत असे. गोटी गुरगुरत खायची आणि तिच्या अंगावर तुकतुकी आली होती, त्यामुळे भावोजी स्वतःवर फार खूश होते. सासूबाई मात्र एकदा म्हणाल्या होत्या, "अगं, मांजराला काटाकुटा लागतो. नुसत्या लुसलुशीत मांसावर तिचे काय होणार?" त्यांच्या मुरूडच्या माहेरची मांजरे मासळीच्या डोक्यांवर, भातावर आणि उंदरांवर वाढलेली. आम्ही दोघांनी ते हसण्यावारी नेले.

सहाव्या आठवड्यात गोटी खिडकीच्या कठड्यावर उडी मारीनाशी झाली. उचलले की ओरडायची आणि चालताना पोट जमिनीला टेकेल इतकी खाली वाकायची. जरा शहाणी झाली, दंगा कमी झाला, असा आम्ही त्याचा अर्थ लावला. मग एका संध्याकाळी ती जेवणाच्या खुर्चीवरून, म्हणजे जेमतेम दीड फुटांवरून खाली उतरली आणि तिथेच बसून राहिली. एक्स-रेमध्ये हाडे पांढरी दिसायला हवीत. गोटीची हाडे भोवतालच्या मांसाइतकीच करडी होती, मांडीचे हाड ओल्या काडीसारखे दुमडले होते आणि कमरेची हाडे आत दबली होती. ती कुठून पडली, हे डॉक्टरांनी विचारलेही नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "हिला खायला काय घालता?"

शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे दोनशे मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम दहा. मांजराला ही दोन्ही जवळजवळ सारखी आणि कॅल्शियम किंचित जास्तच लागते. कलेजीत तर हा तोल आणखी बिघडलेला असतो. रक्तातले कॅल्शियम कमी पडू लागले की शरीर ते हाडांतून ओढून घेते, आणि वाढत्या पिल्लाच्या हाडांत ते मुळात फारसे साठलेले नसते. म्हणजे मी ज्या काळजीने रोज हाडाचे कण वेचून फेकत होते, त्या कणांतच तिचे पाय होते.

त्यामुळे "निसर्गात कोण शिजवून घालते" या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की निसर्गात मांजराला बोनलेसही कोणी घालत नाही. ते उंदीर खाते तेव्हा हाडे, काळीज, आतडी आणि केस यांच्यासकट खाते. भावोजींना हे अजूनही मान्य नाही. गोटी मुळातच अशक्त होती आणि डॉक्टरांना खाद्याच्या पिशव्या खपवायच्या असतात, असे ते प्रत्येक गणपतीत ऐकवतात. कॅलिफोर्नियात पॉटेंजर नावाच्या डॉक्टरांनी १९३२ ते १९४२ या काळात केलेल्या प्रयोगाचाही ते दाखला देतात, ज्यात कच्च्या मांसावरची मांजरे धडधाकट राहिली आणि शिजवलेल्यावरची खंगली. पण त्या मांजरांना मांसाबरोबर कच्चे दूध आणि कॉड माशाचे तेलही मिळत होते, आणि शिजवताना कमी होणारा टॉरीन नावाचा घटक मांजराला आहारातूनच मिळावा लागतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. एक गोष्ट मात्र मी त्यांना देऊन टाकते: बाजारी खाद्यातही टॉरीन पुरेसे नसे आणि त्यामुळे मांजरांचे हृदय निकामी होई, हे १९८७ साली उघड झाले, तेव्हा कुठे कंपन्यांनी त्याचे प्रमाण वाढवले.

आणि वाघाचेच म्हणाल, तर नागपूरच्या गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने, म्हणजे कच्च्या कोंबडीतूनही लागू शकणाऱ्या आजाराने, दगावले. मावशीने यावरून काय ते ठरवावे.

मांस आधी फ्रीझरमध्ये ठेवले तर जंतू मरतात का, असेही तुम्ही विचारले आहे. गोठवल्याने काही परजीवी मरतात, पण पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू किंवा बर्ड फ्लूचा विषाणू मरेल, असा भरवसा धरता येत नाही. ते मरतात पूर्ण शिजवल्यावर. शिवाय त्याच ओट्यावर तुमची कोशिंबीरही चिरली जाते. कच्ची मासळीही नको, कारण काही माशांतला एक घटक बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतो. कलेजी रोज घातली तर अ जीवनसत्त्व साचून मोठेपणी मान आखडते.

सगळ्याच कच्च्या आहाराने पाय मोडतात, असे माझे म्हणणे नाही. पशुवैद्यकातील आहारतज्ज्ञाकडून हाड, अवयव आणि पूरके यांचे माप काढून घेऊन ते तंतोतंत पाळणारे लोक असतात; जंतूंचा धोका त्यांनाही टळत नाही. घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा आजारी म्हातारे माणूस असेल, तर मात्र हा विषय काढूच नये. मोठ्या मांजराला मीठमसाला आणि कांदा-लसूण न घालता उकडलेल्या चिकनचे दोन-चार तुकडे वरचा खाऊ म्हणून चालतात. शिजवलेले हाड मात्र कधीही देऊ नये, त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात.

गोटी पिंजऱ्यात सहा आठवडे पडून राहिली आणि पिल्लांच्या साध्या, संपूर्ण म्हणून विकल्या जाणाऱ्या खाद्यावर तिची हाडे भरून आली. कमरेची हाडे दबली ती दबलीच, त्यामुळे आज चार वर्षांची झाली तरी शौचाला त्रास होऊ नये म्हणून तिला रोज सिरिंजने औषध पाजावे लागते आणि दर वेळी ती माझ्या मनगटावर एक ओरखडा काढते. तुम्ही हा आहार आधीच सुरू केला असेल आणि पिल्लाने उड्या मारणे कमी केले असेल, तर अंदाजाने कॅल्शियमची पावडर घालू नका. त्याला पेटीत ठेवून, फार हलू न देता, उद्याच एक्स-रेसाठी घेऊन जा.