वाचकांचे प्रश्न : स्वमग्न मूल घरी, शाळेत आणि चतुर्थीच्या घरात

प्रश्न : आमच्या साडेपाच वर्षांच्या मुलाला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले आहे. तो मोजकेच शब्द बोलतो आणि काही हवे असले की आमचा हात धरून ओढत नेतो. घरी आम्ही मराठी बोलतो, वाड्यावर कोकणी चालते आणि बालवाडी इंग्रजी आहे. घरातही इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळेल, असे काहीजण सांगतात. चित्रांची सवय लावली तर तो बोलणारच नाही, अशी सासूबाईंना भीती वाटते. – एक आई, डिचोली

उत्तर : घरची भाषा कृपया सोडू नका. दोन-तीन भाषा कानावर पडल्यामुळे स्वमग्न मुलाचे बोलणे मागे पडते, असे आजवरच्या अभ्यासांत आढळलेले नाही. उलट आई-आजी जी भाषा सहज बोलतात तीच काढून घेतली, तर घरात उरतात त्या केवळ 'कम', 'सिट', 'ईट' अशा सुट्या आज्ञा. गप्पा, लाड, रागावणे, गाणी हे सारे मुलाच्या वाट्याला येईनासे होते. एवढे मात्र पाहावे की रोजच्या ठरावीक प्रसंगांसाठी घरातील सर्वांनी एकच छोटे वाक्य वापरावे. जेवायला बोलावताना एकाने 'जेवायला चल', दुसऱ्याने 'जेवपाक यो' आणि तिसऱ्याने 'लंच टाइम' म्हटले, तर या तिन्ही हाका एकाच ताटाच्या आहेत, हे कळायला त्याला वेळ लागतो.

सासूबाईंची भीती बऱ्याच घरांत असते, पण तिला आधार नाही. चित्र देऊन वस्तू मागण्याची एक पद्धत 1985 मध्ये अमेरिकेत विकसित झाली आणि तिचा व तशा इतर साधनांचा पुष्कळ अभ्यास झाला आहे. चित्रांमुळे बोलणे थांबल्याचे त्यात दिसत नाही, काही मुलांचे बोलणे तर थोडे वाढल्याचेच दिसते. इंटरनेटवरची चित्रे घेण्याऐवजी त्याचाच पेला, त्याचीच पेजेची वाटी, तुमच्याच घराचे दार यांचे फोटो काढून घ्या आणि त्याच्या हाताला येतील अशा उंचीवर लावा. तो तुमचा हात ओढू लागला की दुसऱ्या कोणीतरी मागून त्याच्या हाताला आधार देऊन फोटो तुमच्या हातात द्यायला लावावा, आणि फोटो हाती पडताक्षणी तुम्ही वस्तूचे नाव उच्चारून ती त्याला द्यावी. 'आधी बोल, मग देईन' ही अट घालू नये. त्याने मागितले आहे, फक्त तोंडाने मागितलेले नाही.

याच फोटोंतून दिवसाचा क्रम मांडता येतो. उठणे, आंघोळ, शाळा, पेज, खेळ असे फोटो एका पट्टीवर ओळीने लावून, संपलेल्या कामाचा फोटो त्याला स्वतः काढू द्यावा. स्वमग्न मुलांचा बराचसा त्रागा पुढे काय होणार हे न कळल्यामुळे होतो, आणि आपल्याकडे पावसामुळे शाळेला अचानक सुट्टी जाहीर होते तेव्हा हे ठळकपणे दिसते. म्हणून 'बदल' या अर्थाचे एक ठळक रंगाचे कार्ड आधीपासून ठेवा आणि ते प्रथम आनंदाच्या बदलांसाठी वापरा, म्हणजे नकोशा बदलाच्या दिवशी ते त्याच्या ओळखीचे असेल.

प्रश्न : मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिलीतली एक स्वमग्न मुलगी माझा प्रश्न तसाच्या तसा परत म्हणते आणि अधूनमधून वर्गाबाहेर पळते. तिला विशेष शाळेत पाठवावे, असे इतर पालक म्हणतात. – एक शिक्षिका, पेडणे

उत्तर : प्रश्न परत म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. अनेक स्वमग्न मुले भाषा अशी अख्ख्या वाक्यांनी उचलतात आणि पुढे त्यांतले तुकडे सुटे करून वापरू लागतात. 'तुला पाणी हवे का?' असे विचारण्याऐवजी तिने जे म्हणायला हवे तेच, म्हणजे 'मला पाणी हवे', असे तुम्ही म्हणा.

पळण्याची वेळ आठवडाभर टिपून ठेवा. घंटेच्या आधी, पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज सुरू झाल्यावर की लेखन लांबल्यावर, हे कळले म्हणजे निम्मे काम झाले. घंटा होण्यापूर्वी तिला सांगणे, कानांवर आवाज अडवणारे हेडफोन देणे, दाराजवळची जागा बदलणे आणि विश्रांती मागण्याचे कार्ड देऊन ते दाखवताच तिला खरोखर बाहेर फिरवून आणणे, हे उपाय बिनखर्चाचे किंवा अल्पखर्चाचे आहेत. आपल्या अनेक प्राथमिक शाळांत पटसंख्या कमी आहे आणि तिची चिंता आपण सर्वच करतो. या एका बाबतीत मात्र कमी पटसंख्या उपयोगी पडते. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांची मदतही मागून घ्या.

पालकांना शांतपणे सांगावे की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार, ज्यांचे दिव्यांगत्व किमान 40 टक्के प्रमाणित झाले आहे अशा 6 ते 18 वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पर्वरीच्या संजय सेंटरसारख्या विशेष शाळांची काही मुलांना खरी गरज असते, पण ती निवड कुटुंबाची. शेजारच्या बाकावरच्या मुलाच्या पालकांची नव्हे.

प्रश्न : चतुर्थीला आमच्या मूळ घरी चाळीसेक माणसे जमतात. गेल्या वर्षी आरतीच्या वेळी माझी नऊ वर्षांची स्वमग्न नात किंचाळत जमिनीवर लोळली. नातेवाईकांनी सुनेच्या वळणाला दोष दिला. यंदा तिला नेऊ नये काय? – एक आजोबा, फोंडा

उत्तर : न्यावे, पण तयारीनिशी. घुमट, शामेळ, झांजा आणि चाळीस आवाज बंद खोलीत एकदम उसळले, की तिच्या मेंदूला ते सोसत नाही. हट्ट करणारे मूल समोरचा बघतो आहे ना, हे पाहत असते आणि मागितलेले मिळताच थांबते. ही कोंडी मात्र काही देऊन सुटत नाही. तिथे बोलणे थांबवून आवाज व माणसे कमी करणे एवढेच हाती असते.

चतुर्थीच्या आधी एखाद्या सामान्य दिवशी तिला त्या घरी नेऊन आणा. गेल्या वर्षीचे माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडणीचे) आणि पंगतीचे फोटो दाखवा, आरतीचे ध्वनिमुद्रण हळू आवाजात ऐकवा. मागची एक खोली तिच्यासाठी राखून ठेवा आणि तिथे कोणीही चौकशीला जाणार नाही, असे सर्वांना आधीच बजावा. आरतीला ती अंगणातून हजर राहिली तरी चालेल. फटाक्यांपूर्वी तिला आत न्यावे. दिवाळीला नरकासुराच्या रात्री रस्त्यावर मोठाले ध्वनिक्षेपक लागतात, तेव्हा शक्य असल्यास तिने दुसऱ्या गावी नातेवाईकांकडे झोपणे बरे.

राहिला दोषाचा प्रश्न. आईच्या थंडपणामुळे स्वमग्नता होते, हा सिद्धांत गेल्या शतकाच्या मध्यात पाश्चात्त्य देशांत बोकाळला होता आणि तो केव्हाच निकालात निघाला. लसीमुळे स्वमग्नता होते असे सुचवणारा 1998 चा निबंधही 2010 मध्ये मागे घेण्यात आला. ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता असून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. नातेवाईकांना हे तुम्ही, घरातल्या वडीलधाऱ्याने, सांगावे. सुनेवर ते काम टाकू नये.

प्रश्न : मुलाच्या दिव्यांगत्वाचा दाखला कशासाठी काढावा? त्याने मुलावर शिक्का बसणार नाही का? – एक वडील, वाळपई

उत्तर : दाखला नसला तरी लोक बोलतातच, आणि दाखल्याविना सवलती मात्र मिळत नाहीत. अर्ज दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या संकेतस्थळावर करावा. तपासणी इस्पितळातील वैद्यकीय मंडळ करते. स्वमग्नतेसाठी 40 मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरली जाते, तेव्हा मुलाच्या घरच्या वागण्याच्या नोंदी बरोबर न्याव्यात. दाखला मिळाल्यावर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) निरामय आरोग्य विम्याची आणि गोवा राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची चौकशी करावी. निरामयमध्ये 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून त्यात थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे. मुलाला 18 वर्षे पूर्ण झाल्यावर कायदेशीर पालकत्वाची गरज भासल्यास, राष्ट्रीय न्यास अधिनियमाखालील जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो.