डायरीतला पाच आकडी नंबर

प्रश्न : वडिलांच्या 1996च्या डायरीत त्यांच्या साताऱ्यातल्या मित्राचा फोन नंबर सापडला. वडील गेल्याचं त्यांना कळवायचं आहे. पण नंबर पाचच आकडी आहे, लागत नाही. हे नंबर लांब का केले? मोबाइलचेही आता अकरा आकडी होणार म्हणतात, खरं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नंबर अजून चालू असू शकतो, आशा सोडू नका. मोबाइलवरून आधी 02162 फिरवा, मग 2, मग डायरीतले पाच आकडे. सुरुवातीचं शून्य सोडून मोजा, बरोबर दहा भरतील. 2003च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेचं हेच गणित आहे : एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहा. पुण्याचा कोड 20, म्हणून नंबर आठ आकडी. कोल्हापूरचा 231, म्हणून सात आकडी.

माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तेव्हा काउंटरवर जो येई तो म्हणे, फोन वाढले म्हणून आकडा वाढला. मोठ्या शहरांचं तसं असेल, लहान गावांचं नाही. पाच आकड्यांत एक लाख नंबर बसतात. शून्य एसटीडीला आणि 1 हा 100, 101, 197 असल्या सेवांना राखलेला, म्हणून उरले ऐंशी हजार. एका गावाला ते भरपूर होते. पण लँडलाइनमध्ये खासगी कंपन्या येऊ लागल्या. त्यांना नंबर द्यायला जागा हवी होती. म्हणून सरकारी फोन सगळे 2च्या घरात नेले, म्हणजे प्रत्येक नंबराआधी 2 लावला, आणि बाकीच्या आकड्यांची घरं मोकळी केली.

त्रास लोकांना झाला, हे मला मान्य आहे. नव्या छापलेल्या लग्नपत्रिका, बिलबुकं, सगळ्यांवर हाताने 2 लिहीत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. आमच्या पेठेत एका किराणा दुकानाच्या पाटीवर पेंटरने 2 इतका दाटीने घुसवला होता, की तो ‘फोन’मधल्या ‘न’ला चिकटला. ती पाटी अजून आहे.

मोबाइलची काळजी नको. 9चे नंबर कमी पडले तसे 8, 7, 6ने सुरू होणारे आले, पण आकडे दहाच राहिले. अकराची हूल उठली ती 2020मध्ये. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सुचवलं होतं ते एवढंच, की लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावं. 15 जानेवारी 2021पासून तसं सुरूही झालं. त्याने सुमारे 254 कोटी नवे नंबर काढता येतील, असा ट्रायचा हिशेब होता. तेरा आकडी नंबरही आहेत, पण ते यंत्रांतल्या सिमकार्डांना, माणसांना नाहीत.

2 लावूनही फोन लागला नाही, तर काकांनी लाइन बंद केली असणार. डायरीत पत्ता असेल तर त्याच दिवशी पत्र टाका. आणि वडिलांच्या हातचे आकडे खोडू नका, 2 शेजारी पेन्सिलीने लिहा.