गाडीच्या काचेवरची जुनी टिंट फिल्म घरच्या घरी कशी काढावी?
थंड फिल्म ओढायला जाऊ नका. तुकडे पडतात आणि गोंद काचेवरच राहतो. हेअर ड्रायरने एक कोपरा गरम करा, गोंद मऊ झाला की नखाने टोक उचला आणि ड्रायर पुढे सरकवत सावकाश सोलत जा. उरलेल्या चिकटपणावर साबणाचं पाणी मारा, थोडं मुरू द्या, मग ब्लेड तिरपं धरून खरवडा. हे झालं बाजूच्या काचांचं.

मागच्या काचेला ब्लेड अजिबात लावू नका. आतून दिसणाऱ्या त्या बारीक आडव्या रेघा डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या यंत्रणेच्या असतात. एक तुटली की तेवढ्या पट्ट्यावरचं धुकं जाता जात नाही. तिथे वाफ द्या आणि गोंद मऊ कापडाने रेघांच्या दिशेनेच पुसा. वेळखाऊ काम आहे, पण काच बदलण्यापेक्षा परवडलं.