दिवस मोजण्याचा घोळ आणि दुसऱ्या महिन्यातली पुडी

वंध्यत्व उपचारांवरच्या या सदराला येणारी पत्रं बार्शीची असोत की अक्कलकोटची, घोळ बहुतेक एकाच गोष्टीचा असतो. गर्भात काय, कधी घडतं हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. मग जे आज करायला हवं ते पुढच्या वर्षावर जातं, आणि जे कधीच करू नये ते नेमकं नाजूक दिवसांत उरकलं जातं. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : आयव्हीएफमध्ये (प्रयोगशाळेत बीज फळवून गर्भ पोटात सोडण्याच्या उपचारात) पाचव्या दिवसाचा गर्भ सोडून मला दहा दिवस झाले. फाइलवर मात्र ‘चार आठवडे’ लिहिलंय. मिस्टर गेल्या महिन्यात पुण्याला होते, त्यामुळे घरात कुजबुज सुरू झाली आहे. डॉक्टरांची चूक झाली का? (जुळे सोलापूर)

चूक नाही. गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजण्याची पद्धत आहे. बीज नेमकं कोणत्या दिवशी फळलं हे एरवी कुणालाच माहीत नसतं, पाळीची तारीख मात्र लक्षात असते. बीज फळतं ते त्या तारखेनंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतानाच मोजले जातात. २८० दिवसांचा सगळा हिशेब तसाच धरलेला आहे. आयव्हीएफमध्ये फळल्याची तारीख पक्की माहीत असते, तरी मोजणी तीच ठेवतात. पाचव्या दिवसाचा गर्भ सोडला त्या दिवशी दोन आठवडे पाच दिवस धरायचे. त्यात तुमचे दहा मिळवा, चार आठवडे एक दिवस होतात. हा हिशेब कागदावर मांडून कुजबुज करणाऱ्यांच्या हातात द्या. तरी भागलं नाही तर त्यांना घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, त्या पाच मिनिटांत समजावतील.

आणि घरी लघवीची पट्टी रोज लावून बघू नका. उपचारात एचसीजीचं, म्हणजे ही पट्टी जे संप्रेरक शोधते त्याचंच, इंजेक्शन दिलेलं असेल, तर त्याच्यामुळेच काही दिवस दुसरी रेघ उमटू शकते. रक्ताची बीटा एचसीजी तपासणी सांगितलेल्या तारखेलाच करा. ठोके सहा आठवड्यांच्या आसपास दिसतात, कधी थोडे उशिरा. पाचव्या आठवड्यात सोनोग्राफी करून ‘ठोके नाहीत’ म्हणून रडत येणाऱ्या कितीतरी जणींना आठ-दहा दिवसांनी ते दिसलेले असतात.

प्रश्न : ट्रान्सफरनंतर (गर्भ पोटात सोडल्यावर) पंधरा दिवस पलंगावरून उठायचं नाही असं शेजारच्या काकू सांगतात. मोहोळपर्यंत एसटीने गेलं तर धक्क्याने गर्भ पडेल का? (मोहोळ)

नाही. पडून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. जड ओझी आणि धावपळ टाळा, बाकी घरात वावरा. रक्तस्राव झाला किंवा पोट फुगून दम लागला तर मात्र काकूंना न विचारता थेट दवाखाना गाठा.

प्रश्न : मे महिन्यात ४३ अंशांच्या उन्हात ट्रान्सफर करावं का? पावसाळ्यापर्यंत थांबलेलं बरं ना?

गर्भ ज्या पेटीत वाढवतात तिचं तापमान बाराही महिने ३७ अंश असतं. करा. पाणी भरपूर प्या.

प्रश्न : शेंगाचटणी आणि पपई खाल्ल्यामुळे माझा दोन महिन्यांचा गर्भ गेला, असं सगळे म्हणतात. (दक्षिण सोलापूर)

शेंगाचटणीने गर्भ पडत नाही, आणि चांगल्या पिकलेल्या पपईच्या दोन फोडींनीही नाही. सुरुवातीच्या महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांची मोजणीच चुकलेली असते, आणि ती चूक बहुधा बीज तयार होताना किंवा फळताना झालेली असते. तुमच्या ताटाशी तिचा संबंध नसतो. दोनदा असं झालं असेल तर दोघांच्या तपासण्या करून घ्या. एकदाच झालं असेल तर आधी स्वतःला दोष देणं थांबवा. घरच्यांनीही थांबवावं.

प्रश्न : मी घरी विड्या वळते. उपचार सुरू आहेत. तंबाखू मी खात नाही, फक्त सकाळी मशेरी लावते. चालेल का? (विडी घरकुल)

मशेरी म्हणजे तंबाखूच. ती हिरडीतून रक्तात जाते. गरोदरपणी त्यामुळे बाळाचं वजन कमी भरणं आणि पोटातच बाळ दगावणं यांचा धोका वाढतो. ती आजच बंद करा. एकदम जमत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका. सोडण्यासाठी मदत मिळते.

विड्यांचा प्रश्न अवघड आहे, कारण तो पोटाचा आहे. तंबाखूची धूळ श्वासातून जाते आणि निकोटिन कातडीतूनही शिरतं. उपचाराचे महिने आणि गरोदरपणी हे काम थांबवता आलं तर थांबवा. नसेलच जमत तर बंद खोलीत वळू नका, दारात मोकळ्या हवेत बसा, त्या हाताने काही खाऊ नका, उठल्यावर साबणाने हात धुवा, तंबाखूची पाटी झोपायच्या खोलीत ठेवू नका. यामुळे धोका कमी होतो, संपत नाही. तुमच्या डॉक्टरांना हे काम माहीत आहे का? नसेल तर पुढच्या खेपेला पहिल्यांदा हेच सांगा.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली. सुनेच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुर्बीणही झाली, काही सापडत नाही. मुलगा धडधाकट आहे, रोज जिमला जातो. त्याचीही तपासणी लागते का? (एक सासूबाई, पंढरपूर)

मावशी, ती सगळ्यात आधी लागते. मूल न होणाऱ्या जोडप्यांत जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाबरोबर. वीर्यतपासणी स्वस्त आहे, तिला ना भूल लागते ना टाका. दोन ते सात दिवसांचा संयम ठेवून नमुना द्यायचा, एवढंच. सुनेला भूल देऊन पोटात दुर्बीण घालण्याआधी हे का झालं नाही, असं मी त्या डॉक्टरांनाही विचारलं असतं.

जिमचं म्हणाल तर तिथे अंग भरण्यासाठी कुणी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं देतंय का, हे मुलाला विचारा. बाहेरून हे संप्रेरक मिळालं की मेंदू आतलं काम थांबवतो आणि शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात. दंड भरलेले आणि रिपोर्ट कोरा, असे तरुण आता नेहमी दिसतात. इंजेक्शनं सोडल्यावर बहुतेकांत जंतू परत येतात, पण महिने जातात. एक शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून आज तंबाखू, गुटखा, इंजेक्शन सोडलं तर फरक तीन महिन्यांनी तपासायचा.

प्रश्न : एएमएच ०.९ आलंय, वय ३१. ‘तुमची बीजं संपली, दात्याचं बीज घ्या’ असं एका ठिकाणी सांगितलं. (बार्शी)

एएमएच बीजं किती उरलीत याचा अंदाज देतं, ती कशी आहेत हे सांगत नाही. बीजाचा दर्जा मुख्यतः वयावर ठरतो, आणि ३१ हे चांगलं वय आहे. या एका आकड्यावर दात्याचं बीज घेऊ नका. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, सोनोग्राफीत बीजकोश मोजून घ्या. मात्र हे याच महिन्यात करा. साठा कमी असेल तर वेळ घालवणं परवडणारं नाही.

प्रश्न : ‘९० टक्के यश, बाळ नाही तर पैसे परत’ असं पॅकेज मिळतंय. घ्यावं का?

९० टक्के कशाचे, हे आधी विचारा. पट्टीवर रेघ आलेल्यांचे, ठोके दिसलेल्यांचे, की बाळ घरी नेलेल्यांचे? कोणत्या वयाच्या बायकांचे? पंचविशीतल्या दात्याची बीजं वापरून आलेला आकडा चाळिशीतल्या बाईला दाखवणं ही जुनी युक्ती आहे. पैसे परतच्या अटी बारीक अक्षरांत असतात. तरुण आणि सोपी जोडपी तेवढी आत घेतली की परत देण्याची वेळ क्वचितच येते. गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडा, अमुक इंजेक्शन, तमुक लेप अशी जोडकामं बिलात दिसली तर ‘याने बाळ होण्याचं प्रमाण वाढतं याचा पुरावा काय’ असं विचारा. ओरखड्याचा फायदा मोठ्या चाचणीत दिसलेला नाही. केंद्राची २०२१च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (एआरटी) कायद्याखाली नोंदणी आहे का ते पाहा. किती गर्भ तयार झाले, किती सोडले, किती गोठवले, हे लेखी मागा. गोठवलेले गर्भ कायद्याने १० वर्षांपर्यंत ठेवता येतात. त्याचं वार्षिक भाडंही आधीच ठरवून घ्या.

प्रश्न : सहा वर्षांनी, आयव्हीएफने दिवस राहिलेत. सहावा आठवडा चालू आहे. सासूबाईंनी एका गावाहून पुडी आणली आहे. दुसऱ्या महिन्यात, सूर्योदयाआधी, गाईच्या दुधातून घेतली की मुलगाच होतो म्हणतात. आयुर्वेदिक आहे, अपाय नाही, असंही सांगितलंय. मन मोडवत नाही. घेऊ का? (मंगळवेढा)

घेऊ नका. आजही नाही, उद्याही नाही, चिमूटभरसुद्धा नाही.

आता सविस्तर सांगते, कारण या पुडीवर मी थोडक्यात बोलू शकत नाही. सोलापुरात हा सल्ला मराठी, कन्नड आणि तेलुगू तिन्ही भाषांत फिरतो आणि शिकलेल्या घरांतही पोचतो. मुलगा की मुलगी हे बीज फळतं त्या क्षणी ठरतं. स्त्रीबीजात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्रजंतूने एक्स आणलं तर मुलगी, वाय आणलं तर मुलगा. तुमच्या बाबतीत हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत, गर्भ पोटात सोडण्याच्या पाच दिवस आधी ठरून गेलं. पुडी त्यानंतर महिन्याने आली आहे. ती काय बदलणार?

बदलत नाही, पण बिघडवू शकते. ‘दुसरा महिना’ हा मुहूर्त पुडीवाल्याने का धरला कुणास ठाऊक, पण याहून वाईट मुहूर्त मला सापडला नसता. फळल्यापासून सुमारे बाविसाव्या दिवशी हृदय धडधडू लागतं. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मेंदू आणि मज्जारज्जूची नळी मिटून पूर्ण होते. डॉक्टरांच्या मोजणीने हाच तुमचा सहावा आठवडा. गर्भ तेव्हा जेमतेम पाच मिलिमीटरचा असतो. पुढच्या चार आठवड्यांत हातापायांचे कोंब फुटून बोटं सुटी होतात, वरचा ओठ जुळतो, हृदयाचे कप्पे वेगळे होतात. या काळात बाहेरून मुलगा-मुलगी सारखेच दिसतात. फरक तिसऱ्या महिन्यात स्पष्ट होऊ लागतो. पुडीत पुरुषी संप्रेरक असेल तर मुलीचा गर्भ मुलाचा होत नाही, तो मुलीचाच राहतो, पण तिच्या बाह्य अवयवांची घडण चुकू शकते. हरियाणात अशा औषधांचा अभ्यास झाला आहे. ती घेतलेल्या आयांच्या बाळांत जन्मजात व्यंगं जास्त आढळली. शिवाय शिसं किंवा पारा आहे का, हे पुडीवर लिहिलेलं नसतं. मुळात काहीच लिहिलेलं नसतं. ‘आयुर्वेदिक’ म्हटलं की तपासणी संपली, असं कुणी ठरवलं? पदवीधर वैद्याला ही पुडी दाखवा, तेही हात लावणार नाहीत.

धंद्याचं गणितही समजून घ्या. काहीही न घेता १०० मुलींमागे १०५च्या आसपास मुलगे जन्मतातच. म्हणजे पुडीवाल्याच्या निम्म्याहून थोडी जास्त गिऱ्हाइकं खूश होऊन पेढे घेऊन येतात आणि गावभर सांगतात. उरलेल्यांना ‘सूर्य उगवला होता’ किंवा ‘दूध म्हशीचं होतं’ असं ऐकवलं की ती गप्प बसतात. मुलगी झाली म्हणून पोलिसांत कोण जाणार? १९९४चा गर्भलिंग निदानविरोधी कायदा २००३च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही लागू आहे. मुलगा होण्याच्या उपायांची जाहिरात करणं हाही गुन्हा आहे.

सासूबाईंचं मन मोडायचं काम तुम्ही करू नका, ते डॉक्टरांवर ढकला. ‘बाईंनी सांगितलंय, बाहेरचं काही घेतलं तर उपचार करणार नाही,’ एवढं म्हणा. पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या आणि पडद्यावर ठोके दाखवा. या वादात नवऱ्याने गप्प बसू नये. पुडी त्याच्या आईने आणली आहे, नाही म्हणायचं कामही त्याचंच आहे.

हे वाचणाऱ्या कुणी पुडी आधीच घेतली असेल, तर घाबरून गर्भपाताचा विचार करू नका आणि लपवूही नका. घेतलेल्या प्रत्येकीच्या बाळाला व्यंग होतंच असं नाही. उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. ११ ते १३ आठवड्यांची आणि नंतर १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी अजिबात चुकवू नका.

प्रश्न : मग फोलिक अॅसिडची गोळी कधी सुरू करायची?

दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. ही गोळी मज्जारज्जूच्या नळीतलं व्यंग टाळायला मदत करते, आणि ती नळी कधी मिटते ते वर लिहिलंच आहे. पाळी चुकून, घरात सांगून, पहिल्या तपासणीला जाईपर्यंत तो दिवस उलटलेला असतो. आधीच्या बाळाला पाठीच्या कण्याचं व्यंग असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

प्रश्न : आयव्हीएफने झालेल्या मुलीला पुढे मूल होतं का?

होतं. जगातली पहिली आयव्हीएफ मुलगी लुईस ब्राउन २५ जुलै १९७८ला जन्मली. २००६मध्ये ती आई झाली, तेही उपचाराशिवाय.

प्रश्न : वय ३८, लग्नाला तीन वर्षं. नवस बोललोय. जानेवारीत गड्ड्याची यात्रा झाली की दाखवायला येऊ. तोवर रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवले तर औषध सांगाल का? (उत्तर कसबा)

औषध सांगणार नाही. पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तपासायचं असतं, तुम्ही तीन वर्षं थांबलात. नवस फेडा, यात्रेलाही जा, पण जवळच्या तज्ज्ञाची वेळ याच आठवड्यात घ्या. जाताना जुन्या फायली, पाळीच्या तारखा आणि नवरा, तिन्ही सोबत न्या.