पावसाळ्यानंतरचा पॅरामोटर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पाचगणीला पॅराग्लायडिंग शिकल्यानंतर मी आधी कोणीतरी वापरलेला पॅरामोटर, म्हणजे पाठीवर बांधायचे प्रोपेलरचे इंजिन आणि वरचा कापडी पंख, विकत घेतला. जूनपासून तो घराच्या माळ्यावर पडून होता. परवा खाली काढला तर इंजिन दुसऱ्याच झटक्यात सुरू झाले आणि आवाजही स्वच्छ आला. दिवाळीच्या सुट्टीत गावाबाहेरच्या माळावर उड्डाण करावे असा विचार आहे. आणखी काही पाहण्याची गरज आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : गरज आहे, आणि ती इंजिनापेक्षा इतर गोष्टींची अधिक आहे. इंजिन सुरू झाले याचा अर्थ ठिणगी पडते आहे आणि पेट्रोल पोहोचते आहे, इतकाच. पॅरामोटरचे इंजिन हवेत बंद पडले तरी वरचे पंख पॅराग्लायडरसारखे तरंगत राहतात. वारा शांत असेल आणि उंची तीनशे मीटर असेल, तर साधारण दोन किलोमीटर पुढे जाऊन उतरता येते. म्हणूनच उतरण्याजोगी जागा सतत आवाक्यात ठेवून उडणाऱ्याच्या दृष्टीने इंजिन बंद पडणे ही गैरसोय असते. कमकुवत झालेली दोरी, न लागलेले बक्कल, अडकून बसलेला थ्रॉटल (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारी कळ) आणि फिरता प्रोपेलर यांच्याबाबतीत मात्र अशी सवलत मिळत नाही. तपासणीचा वेळ वाटताना हे प्रमाण लक्षात ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

सुरुवात कापडी पंखापासून करावी. तो सावलीत, स्वच्छ चादरीवर किंवा सतरंजीवर पूर्ण उलगडावा आणि सर्वप्रथम त्याचा वास घ्यावा. कुबट वास येत असेल, तर घडी घालताना पंख ओलसर होता किंवा माळ्यावरची दमट हवा पिशवीत शिरली होती, असे समजावे. असा पंख उन्हात वाळत घालू नये, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरण नायलॉनचा कस कमी करतात. वारा खेळेल अशा खोलीत तो दोन दिवस पसरून ठेवावा. त्यानंतर प्रत्येक कप्पा आतून पाहावा. आपल्याकडे माळ्यावरच्या सामानाला उंदरांचा उपद्रव ठरलेलाच असतो आणि घडीच्या एका कोपऱ्यात उंदराने मारलेला एक दात उलगडल्यावर चार थरांतील चार भोके होऊन समोर येतो. शिवणीपासून दूर असलेले बारीक भोक उत्पादकाने दिलेल्या चिकट कापडाने बुजवता येते. शिवणीवरचे किंवा दोरी जोडलेल्या जागेजवळचे नुकसान मात्र घरी दुरुस्त करू नये.

दोऱ्या नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाहीत. रायझरपासून, म्हणजे दोऱ्या जिथे एकत्र येतात त्या जाड पट्ट्यापासून, कापडापर्यंत प्रत्येक दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीतून सावकाश सरकवत न्यावी. वेष्टन फाटलेले असेल, मध्येच एखादी जागा बारीक किंवा कडक लागत असेल, तर ते बोटांना आधी कळते. मग डावे आणि उजवे रायझर एकत्र धरून जोडीच्या दोऱ्यांची लांबी ताणून पडताळावी. डायनिमा या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या काळानुसार आखडतात, आणि ज्या मागच्या दोऱ्यांवर भार कमी असतो त्या जास्त आखडतात. त्यामुळे पंखाचा मागचा भाग खाली ओढला जातो, पंख उचलताना मागे रेंगाळतो आणि त्याचा वेग कमी होतो. अरामिड या दुसऱ्या कृत्रिम धाग्याच्या दोऱ्या सहसा आखडत नाहीत, पण त्याच त्या जागी वारंवार घडी पडली की तिथे कमजोर होतात. आपण पंख वापरलेला घेतला असल्यामुळे त्याच्या उड्डाणतासांची खात्रीलायक नोंद आपल्याजवळ असण्याची शक्यता कमी आहे. कापडातून हवा किती झिरपते आणि दोरी किती भार सोसते याची मोजणी यंत्रावरच होते. ती जाणकार कार्यशाळेकडून करून घेतल्याशिवाय या हंगामाची सुरुवात करू नये. पॅरामोटरला आपत्कालीन पॅराशूट असेल, तर त्याची घडीही उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत उघडून पुन्हा घालून घ्यावी लागते. चार महिने दमट हवेत राहिलेल्या पॅराशूटबाबत ती मुदत संपली असेच धरून चालावे.

आता इंजिन. टाकीत जूनमधले पेट्रोल उरले असेल, तर ते पूर्ण काढून टाकावे. सध्या आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. बरेच दिवस साठलेल्या मिश्रणात पाणी वेगळे होऊन तळाशी बसते, शिवाय कार्ब्युरेटरमधील रबरी पडदा कडक होतो. हा पडदा कडक झाला की इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेलही पेट्रोलबरोबरच येत असल्यामुळे उष्णता वाढते, वंगण घटते आणि पिस्टन सिलिंडरमध्ये धरतो. जमिनीवर मिनिटभर चालवलेल्या इंजिनात यातले काहीच दिसून येत नाही. पडदा आणि त्यासोबतचे गॅस्केट यांचा संच फार महाग नसतो. दर हंगामाच्या आरंभी तो बदलून टाकावा. पेट्रोलच्या नळ्या टोकांशी वाकवून पाहाव्यात आणि पिवळ्या पडून ताठ झालेल्या असतील तर बदलाव्यात. नवे मिश्रण मापाने करावे : दोन टक्के सांगितले असेल तर दहा लिटरला 200 मिलिलिटर तेल, अडीच टक्के असेल तर 250. अंदाजाने ओतू नये.

आणखी एक गोष्ट खास आपल्या हवामानातली आहे. पावसाळ्यात कुंभारमाशीला मातीचे घर बांधायला बारीक भोके लागतात आणि सायलेन्सरचे तोंड, हवेची पेटी, टाकीच्या झाकणातील हवेची नळी या जागा तिला सोयीच्या वाटतात. टाकीची हवेची नळी बंद असेल, तर इंजिन सुरू होते, काही मिनिटे उत्तम चालते आणि टाकीत पोकळी निर्माण झाली की पेट्रोल येणे थांबते. हे नेमके उड्डाण केल्यानंतर घडते. त्या नळीत तोंडाने फुंकर मारून पाहण्यास काही क्षण पुरतात.

प्रश्न : उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी मी मोबाइलवर ठेवली आहे. तरीही मैदानावर गेल्यावर गप्पांच्या नादात आणि वारा बदलेल या घाईत काही ना काही राहून जाते. कोणत्या गोष्टी कोणत्याही परिस्थितीत टाळू नयेत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : यादी मोबाइलवर असण्यापेक्षा पॅरामोटरच्या केजला (प्रोपेलरभोवतीच्या संरक्षक चौकटीला) बांधलेली असावी आणि तपासणी दर वेळी एकाच क्रमाने व्हावी. मध्ये कोणी बोलायला आले, तर जिथे थांबलो तिथून पुढे न जाता पहिल्यापासून सुरुवात करावी. हा नियम कडक वाटेल, परंतु राहून गेलेल्या गोष्टी बहुधा अशा व्यत्ययाच्या जागीच राहिलेल्या असतात.

थ्रॉटल दाबून सोडल्यावर तो स्वतःहून, झटकन परत आला पाहिजे. हे हातातल्या कळीवर न पाहता कार्ब्युरेटरवरील झडपेजवळ पाहावे, कारण केबलमध्ये धूळ किंवा गंज असल्यास कळ परत येते आणि झडप अर्धी उघडी राहते. हात वर, बाजूला आणि खाली नेऊनही झडप हलत नाही ना, याची खात्री करावी. केबल कुठे आवळलेली असेल तर नुसता हात उंचावला तरी इंजिनाचा वेग वाढतो, आणि पंख उचलताना तर हात वरच असतात.

इंजिन बंद करण्याच्या बटणाविषयी पुष्कळांचा समज उलटा असतो. बहुतेक पॅरामोटरमध्ये हे बटण दाबले की ठिणगीचा प्रवाह अर्थिंगकडे (इंजिनाच्या धातूच्या भागाकडे) वळतो आणि इंजिन थांबते. याचा अर्थ असा, की बटणाची तार तुटली असेल तर इंजिन थांबत नाही. म्हणून दिवसाचे पहिले इंजिन सुरू केल्यावर लगेच बटणाने बंद करून पाहावे आणि बटण चालले नाही तर चोक लावून इंजिन कसे गुदमरवायचे, हे आधीच ठाऊक असावे.

अमेरिकेतील पॅरामोटर अपघातांच्या शेकडो नोंदींचा जो अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला, त्यात सर्वाधिक दुखापती हातांना झालेल्या आढळल्या. फिरत्या प्रोपेलरला शरीर लागणे हे गंभीर दुखापतींचे मोठे कारण आहे आणि ते पुष्कळदा जमिनीवरच, इंजिन सुरू करताना घडते. पॅरामोटर जमिनीवर ठेवून एका हाताने चौकट धरायची आणि दुसऱ्या हाताने दोरी ओढायची, ही सवय अतिशय घातक आहे. थ्रॉटल उघडा राहिला असेल तर इंजिन पूर्ण जोराने धरणाऱ्याच्या अंगावर येते आणि हाताने ते रोखता येत नाही. शक्य असेल तेव्हा पॅरामोटर पाठीवर चढवून, आजूबाजूला पाहून, मोठ्याने इशारा देऊन मगच सुरू करावा.

उरलेल्या तपासणीत सायलेन्सर हाताने हलवून पाहणे, रबरी गुटक्यांवरील भेगा पाहणे, स्प्रिंगला सुरक्षा तार बांधलेली असणे आणि नट-बोल्टवर मारलेली रंगाची रेघ तुटलेली नसणे हे येते. ती रेघ सरकलेली दिसली, तर बोल्ट फिरला आहे हे दुरूनही कळते.

मांड्यांचे पट्टे मात्र स्वतंत्रपणे सांगितले पाहिजेत. ते चढवताना सर्वांत आधी लावावेत आणि उतरवताना सर्वांत शेवटी काढावेत. पायलट पूर्ण तयार होतो, एखादी दोरी गुंतलेली दिसते, ती सोडवायला तो हार्नेस (अंगावरची पट्ट्यांची बैठक) उतरवतो, परत चढवताना छातीचा पट्टा लावतो आणि मांड्यांचे पट्टे तसेच राहतात. जमीन सुटेपर्यंत काहीच जाणवत नाही. जमीन सुटल्यावर तो बगलांवर लटकतो. धावण्यापूर्वी दोन्ही मांड्यांवर हात फिरवून बक्कल चाचपावे आणि हे प्रत्येक प्रयत्नापूर्वी करावे.

प्रश्न : लाकडी प्रोपेलरच्या कडेला दगड लागून तांदळाच्या दाण्याएवढा टवका उडाला आहे. तसाच वापरला तर चालेल का?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : तसाच वापरू नये. सव्वा मीटर व्यासाचा प्रोपेलर मिनिटाला 2,800 फेरे घेतो, तेव्हा त्याच्या टोकाचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरच्या पुढे जातो. टवका लहान आणि फक्त कडेवर असेल, तर इपॉक्सीने भरून, घासून, समतोल पाहून तो वापरता येतो. समतोल पाहण्यासाठी प्रोपेलर आडव्या गुळगुळीत दांडीवर ठेवावा. कोणत्याही स्थितीत सोडला तरी तो तिथेच स्थिर राहिला पाहिजे. टवक्यापासून निघालेली चीर लाकडाच्या रेषेने आत गेलेली असेल किंवा मध्यभागाजवळ कुठेही भेग दिसत असेल, तर प्रोपेलर बाद करावा. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते, त्यामुळे हिवाळ्याच्या तोंडाला सर्व बोल्ट टॉर्क पान्याने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत.

प्रश्न : कोकणात सहलीला गेल्यावर समुद्रकिनाऱ्यावर पॅरामोटरमध्ये पर्यटकांना फिरवून आणतात. आमचा नऊ वर्षांचा मुलगा हट्ट धरतो आहे. आमच्यासारख्या अनभिज्ञांनी तिथे नेमके काय पाहावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : यंत्र तपासणे आपल्याला शक्य नाही, पण तपासले जाते का हे पाहणे निश्चित शक्य आहे. अर्धा तास बाजूला उभे राहून पाहावे. दोन फेऱ्यांच्या मध्ये चालक यंत्राभोवती एकदा तरी फिरतो का, प्रवाशाचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून पाहतो का, बघ्यांना प्रोपेलरच्या मागे आणि बाजूला उभे राहू देतो का, हे सहज दिसते. खारे वारे आणि वाळू यांनी धातू गंजतो, दोऱ्या घासल्या जातात. कॅरॅबिनरवर (हार्नेस आणि पंख जोडणाऱ्या धातूच्या कडीवर) गंजाचे ठिपके असतील किंवा पंख दिवसभर उन्हात वाळूवर पसरलेला असेल, तर देखभाल कशी असेल याचा अंदाज बांधता येतो.

त्यानंतर तीन प्रश्न विचारावेत : चालकाचे प्रशिक्षण कुठे झाले, या ठिकाणी उडण्याची परवानगी आहे का, आणि पाण्यावरून नेणार असाल तर तरंगण्याची कोणती साधने आहेत. इंजिनासह पाण्यात पडलेला माणूस पट्ट्यांत आणि दोऱ्यांत अडकून वजनाने खाली ओढला जातो. पोहता येणे तिथे पुरेसे ठरत नाही. म्हणून आपोआप फुगणारे तरंगक नसेल, तर उड्डाण वाळूवरूनच व्हावे असे स्पष्ट सांगावे. मुलाच्या बाबतीत शेवटी त्याचा हार्नेस पाहावा. प्रौढांच्या मापाचा पट्टा कितीही आवळला तरी लहान मुलाच्या खांद्यांवरून आणि मांड्यांवरून तो निसटू शकतो. मुलाच्या मापाचा हार्नेस आणि हेल्मेट तिथे नसेल, तर त्याला नेऊ नये.